विल् वंडीला नवी धाव

बैलगाडीचं चाक धड आहे की नाही, हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. चाक उभं धरायचं, लहान हातोडीने एकेका आऱ्यावर टिचकी द्यायची आणि ऐकायचं. तुंब्यात आणि घेरात घट्ट रुतलेला आरा खणखणीत बोलतो. सैल झालेला बद्द वाजतो. तिरुविसनल्लूरला आमच्या परसातल्या पडवीत आसारींनी, म्हणजे सुतारांनी, अशी टिचकी देत देत डाव्या चाकाची फेरी पूर्ण केली, तेव्हा बारापैकी निम्म्याहून अधिक आरे बद्द वाजले. उजव्या चाकाला त्यांनी हातोडी लावलीच नाही. लोखंडी धाव आणि लाकूड यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती आणि घेराचे दोन तुकडे वाळवीने आतून पोकळ केले होते. आसारी तिथल्याच उखळावर बसले, श्वास जुळवला आणि म्हणाले, “अम्मा, साटा चांगला आहे, आख चांगला आहे. चाकं नवी करू.”

या गाडीला इथे विल् वंडी म्हणतात. दोनच चाकं, त्यांवर पोलादी कमानपाटे, वर बांबूच्या कमानींचं टप आणि मागून चढायला लोखंडी पायरी. आपल्या विदर्भातल्या दमणीशी तिचं जवळचं नातं आहे. फरक मुख्यतः पाट्यांचा. विल् वंडी माल वाहायची नव्हतीच, ती माणसांची. आत बाकं नसतात. भाताच्या पेंढ्याचा जाड थर, त्यावर सुती जमखाना आणि पाठीला लोड. रात्रीचा प्रवास असला की मंडळी त्यातच आडवी होत. टपाच्या मधल्या कमानीला दोन कड्या आहेत, त्यांना साडीची झोळी बांधून तान्ही मुलं निजवत. माझे सासरे त्या झोळीत निजलेले आहेत. शिदोरीचे डबे कुठे ठेवायचे, पाण्याची कळशी कुठे बांधायची, कंदील कुठे अडकवायचा, सगळ्याची जागा ठरलेली. रस्त्यावर चालणारं ते लहानसं घरच होतं.

आमचं सासर तंजावरी मराठी. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन या घरात आले आणि मग नोकरीपायी आम्ही वर्षानुवर्षं बाहेर राहिलो. तिरुविसनल्लूर कुंभकोणमच्या ईशान्येला, कावेरीच्या उत्तर काठावर आहे. मराठी माणसाने या गावाचं दुसरं नावही लक्षात ठेवायला हवं : शाहजीराजपुरम. तंजावरच्या गादीवर 1684 साली बसलेल्या शाहजीराजे भोसल्यांनी 1693 मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना वाटून दिलं. रामभद्र दीक्षितांसारखे पंडित इथे राहिले. संत श्रीधर अय्यावाळ इथलेच. कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला त्यांच्या घरच्या विहिरीत गंगा प्रकटली, अशी कथा आहे आणि आजही त्या दिवशी त्यांच्या मठातल्या विहिरीवर स्नानाला मोठी रांग लागते. शिवयोगनाथाच्या देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेलं सूर्यघड्याळ आहे, तेही पाहण्यासारखं. आमच्या घरची विल् वंडी वर्षभरात सगळ्यांत जास्त धावायची ती या अमावास्येच्या आसपास. नदीपलीकडच्या तिरुविडैमरुदूर स्टेशनावर गाडीने पाहुणे उतरत आणि वंडी त्यांना घेऊन येई.

मग बस आली, रिक्षा आली, बैल विकले गेले. वंडी पडवीत ढकलली, तिचं जू वळचणीला टांगलं गेलं आणि टपाखाली कोंबड्या राहू लागल्या. आम्ही निवृत्त होऊन परतलो तेव्हा एका हॉटेलवाल्यांनी ती मागितली. रंगवून, चाकांना दिवे लावून दारात उभी करायची त्यांची इच्छा होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गाडी जागेवर उभी करायची म्हटलं की लाकडातली कीड लांबीने बुजवली तरी चालते, आरा सरसाने चिकटवला तरी चालतो, आखाला रंग फासला तरी चालतो. ती माणसं घेऊन पूल ओलांडणार असेल, तर यातलं एकही चालत नाही. मला ती चालती हवी होती. तिच्यात बसून सासूबाईंना स्टेशनावरून घरी आणायचं, एवढं नक्की होतं.

यात अडचण माझ्या हातांची होती. मला आमवात आहे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो प्रकार. बोटांची लहान पेरं आणि मनगटं आधी धरतात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं, त्याचा गुण यायला कित्येक आठवडे जातात, आणि ते घेतलं की दुसरा दिवस मळमळीत जातो. आणि आसारींचं हृदय. आमची बोलणी पक्की झाल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या छातीत कळ आली आणि तंजावरला नेऊन दोन स्टेंट घालावे लागले. घण उचलायचा नाही, जड ओझं नाही, उन्हात भट्टीपाशी उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. त्याहून मोठी पंचाईत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. पटाशी आणि वाकस हाताळणाऱ्याला दिवसाकाठी एखादी चीर पडतेच. ती आता लवकर थांबत नव्हती. त्यांच्या अक्कांनी जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून एका पिशवीत भरल्या आणि ती पिशवी अवजारांच्या पेटीला कायमची बांधून टाकली.

मी त्यांना म्हटलं, दुसऱ्या कोणाला काम देऊ, तुम्ही फक्त पाहा. ते म्हणाले, “दुसरा कोण आहे?” खरंच नव्हता. लाकडी चाक पहिल्यापासून बांधणारा माणूस आता तालुक्यात शोधावा लागतो. त्यांचा पुतण्या दारं-खिडक्या करतो, चांगली करतो, पण चाक त्याने कधी बांधलेलं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : हात पुतण्याचे, डोळे आणि कान आसारींचे, आणि घासणं, तेल देणं, हिशोब, लाकूड शोधणं माझ्याकडे, हात चालतील त्या वेळात. अकरानंतर माझी बोटं मोकळी होत, आणि आसारींना डॉक्टरांनी सकाळचाच वेळ काम पाहायला दिला होता. त्यामुळे आमची दोघांची गाठ रोज थोडाच वेळ पडे. ते सकाळी पुतण्याला जे सांगून जात ते तो मला दाखवी, आणि मी केलेल्या कामावर ते दुसऱ्या दिवशी बोट फिरवून पाहत. घासकामाची पारख ते डोळ्यांनी करत नाहीत. अंगठ्याचं पेर तंतूच्या उलट दिशेने ओढतात आणि जिथे अडतं तिथे खडूने फुली मारतात.

चाकाचं लाकूड एका जातीचं नसतं, आणि का नसतं हे एकदा कळलं की चाकाकडे पाहण्याची नजरच बदलते. तुंब्याला चारी बाजूंनी भोकं पाडायची, प्रत्येक भोकात आरा ठोकून बसवायचा, आणि तरी तो फुटायला नको. त्यासाठी तंतू एकमेकांत गुंतलेलं, न चिरणारं लाकूड लागतं : शिरीष किंवा बाभूळ. आऱ्याला धक्का लांबीतून सोसायचा असतो, म्हणून सरळ तंतूची बाभूळ, तीही आतल्या गाभ्याची. घेराच्या तुकड्यांना, ज्यांना आसारी वट्टै म्हणतात, नैसर्गिक वाक असलेलं लाकूड मिळालं तर उत्तम. आम्हाला पारसपिंपळ मिळाला. नोव्हेंबर 2018 च्या गज चक्रीवादळाने वेदारण्यम-पट्टुकोट्टैच्या पट्ट्यात लाखो झाडं आडवी केली. नारळाची सर्वांत जास्त, पण बांधावरचे पारसपिंपळही पुष्कळ गेले. त्यातले काही ओंडके एका वखारीत इतकी वर्षं सावलीत पडून होते. आसारींनी टोकाला जीभ लावून पाहिली, ओंडका उभा करून दुसऱ्या ओंडक्यावर आपटला, आवाज ऐकला आणि मान हलवली. वाळलेलं होतं.

लाकूड वाळलेलं हवं हा या कामातला सर्वांत कडक नियम. ओल्या लाकडाचं चाक आज घट्ट बसतं आणि वैशाखात खुळखुळतं. दारात उभ्या केलेल्या गाड्यांची चाकं महिन्याभरात सैल होतात त्यामागे बहुधा हेच असतं. कोणाला वाळायची वाट पाहायची नसते.

आम्हाला वाट पाहावीच लागली. ईशान्येचा मोसमी पाऊस ऑक्टोबरात सुरू झाला आणि माझा आमवात उसळला. मनगटं इतकी सुजली की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी औषध वाढवलं, काही दिवस स्टेरॉइड दिलं, आणि धूळ-भुश्यात जायचं नाही असं सांगितलं. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते, छातीचा संसर्ग परवडत नाही. आसारींनाही त्याच दिवसांत पुन्हा दवाखान्यात ठेवलं. पडवीत कापून ठेवलेले आरे सुतळीने बांधून, दोन्ही टोकांना मेण फासून आढ्याखाली टांगून ठेवले होते. मी खाटेवर पडून ते पाहत असे आणि मनात खूप राग येई, स्वतःच्या हातांचा. पण पोंगल झाल्यावर आसारी काठी टेकत आले, एक आरा खाली घेऊन वजन केलं, पावसाळ्यातल्या वजनाशी ताडून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले की घाई केली असती तर हे सगळं वाया गेलं असतं. आरे अजून वाळून हलके झाले होते. ते मला धीर द्यायला बोलले नव्हते. लाकडाबद्दल ते खोटं बोलत नाहीत.

त्या सक्तीच्या सुट्टीत मी गाड्यांबद्दल वाचलं. या मुलखात गाडी फार जुनी आहे. संगमकाळातले मिठाचे व्यापारी, उमणर, बायकामुलांसह तांडे घेऊन समुद्राकाठून आत येत. ‘पुरनानूरु’त त्यांचा उल्लेख आहे : वाटेत आख मोडला तर हाताशी असावा म्हणून ते गाडीच्या पोटाशी एक जादा आख बांधून नेत. आसारींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांच्या आजोबांच्या वेळी लांबच्या वाटेला लाकडी आखाच्या गाड्या अशाच जात, म्हणाले. आमच्या वंडीचा आख लोखंडी आहे.

आसारींनी तरुणपणी देवळांच्या रथांवरही काम केलं आहे. कुंभकोणमच्या शारंगपाणी देवळाचा गाभाराच मुळी रथाच्या आकाराचा, चाकं-घोडे-हत्तींसह दगडात कोरलेला, आणि दारासुरमच्या ऐरावतेश्वराच्या मंडपालाही दगडी चाकं जोडलेली. चाकाचं वेड इथल्या मातीतच आहे. तंजावरच्या बृहदीश्वराचा रथ कितीएक दशकं नव्हता. तो नव्याने घडवून 29 एप्रिल 2015 ला राजवीथ्यांवरून ओढला गेला, त्या दिवशी आसारी गर्दीत होते. तिरुवारूरच्या आळित्तेर या प्रचंड रथाला आता तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याची लोखंडी चाकं आणि हायड्रॉलिक ब्रेक आहेत. आसारींना त्याचं दुःख नाही. एवढ्या वजनाच्या रथाखाली माणसं चिरडण्यापेक्षा ब्रेक बरा, असं त्यांचं स्पष्ट मत.

असाच सवाल आमच्या वंडीबद्दलही सगळ्यांनी केला : टायरची चाकं का नाही लावत? महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या आवारात ज्याला आपण डनलॉप गाडी म्हणतो, तशी. प्रश्न योग्य आहे. भारतातल्या कोटीहून अधिक बैलगाड्या सुधाराव्यात म्हणून बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे एन. एस. रामस्वामी आयुष्यभर झटले; जड जोखड आणि खडबडीत चाकं बैलांना किती छळतात हे त्यांनी परोपरीने मांडलं. ओझं ओढायचं असेल आणि रस्ता पक्का असेल तर हवेचं टायर बैलाला खरोखर सोपं जातं. पण विल् वंडी हलकी असते, धक्के पाटे झेलतात, आणि तिची उंची, जुवाचा कोन, दांड्यांचा तोल हे सगळं साडेचार फुटी चाकावर बेतलेलं आहे. लहान टायर लावलं की जू वर उचललं जातं, तोल मागे जातो आणि ते दोरीने बैलांच्या गळ्याला काचतं. बैलांची सोय पाहायची तर आमच्या गाडीला तिची मूळ चाकंच हवीत. आसारींनी हे मला जमिनीवर काडीने रेघा ओढून दाखवलं.

आरे ठोकताना मी जे पाहिलं ते विसरता येत नाही. आरा तुंब्यातून अगदी काटकोनात निघत नाही. बाहेरच्या अंगाला जरासा कललेला असतो, आणि सगळे बारा सारखेच कललेले असावे लागतात. बैल चालताना गाडीला डावी-उजवी झोल देतात. प्रत्येक पावलाला आख एका चाकावर आतून ढकलतो. सरळ आऱ्यांचं चाक त्या ढकलीने हळूहळू उलटं वळतं. कललेले आरे ती ढकल अंगावर घेतात. कल किती हे कोणत्याही कागदावर लिहिलेलं नाही. आसारींकडे बांबूची एक पट्टी आहे, तिला एक खाच. ती पट्टी तुंब्याच्या मध्यावर धरून पुतण्या फिरवायचा आणि आसारी खुर्चीवरून सांगायचे : कमी, कमी, थांब. एका आऱ्याचं कूस पुतण्याने केसभर जास्त तासलं होतं. आसारी उठले, त्याच्या हातातला वाकस काढून घेतला आणि डॉक्टर विसरले. अक्का घरातून ओरडल्या. त्यांनी दोनच घाव घातले, पण ते दोन घाव म्हणजे मी आजवर पाहिलेलं सर्वांत नेमकं काम होतं. लाकडाचा पातळ पापुद्रा सुटून खाली पडला आणि आरा हाताने दाबताच अर्ध्यात जाऊन थांबला. उरलेला अर्धा पुतण्याने ठोकला.

धाव चढवायची ती कडक उन्हाळ्यात. पंगुनी महिना संपत आला की हवा कोरडी होते, लाकूड आपल्या किमान आकाराला येतं. तेव्हा बसवलेली धाव पुढे पावसात आणखी आवळते. पावसात बसवली तर उन्हाळ्यात सुटते. जुनीच धाव वापरायची असं आम्ही ठरवलं. लोखंड चांगलं होतं, वर्षानुवर्षं रस्ता घासून गुळगुळीत झालेलं. फक्त तिचा घेर चाकापेक्षा मोठा झाला होता. लोहाराने लहान चकती लाकडी चाकाच्या कडेवरून फिरवून फेरे मोजले, मग तीच चकती धावेच्या आतून फिरवली. फरक किती आणि त्याशिवाय लोखंड किती आखूड करायचं, हा सगळा हिशोब चकतीवरच्या खडूच्या खुणेवर.

मी माझ्या परीने हिशोब ताडून पाहिला. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे 4.3 मीटर. लोखंड तापून मंद लाल झालं, म्हणजे साधारण 600 अंश सेल्सियसने तापलं, की एवढ्या लांबीची पट्टी तीन सेंटीमीटरच्या आसपास वाढते. लोहाराने धाव चाकापेक्षा इंचभर आखूड जोडली होती. म्हणजे तापल्यावर ती जेमतेम अर्धा सेंटीमीटर मोठी होणार, आणि तेवढ्याच फटीत काम उरकायचं. त्याने मात्र तापमापक पाहिलं नव्हतं, ना गुणाकार केला होता. त्याच्या बापाने त्याला इंच सांगितला होता.

भल्या पहाटे अंगणात तीन दगडांवर धाव ठेवली. खाली-वर गोवऱ्या, नारळाची सोडणं, बाभळीच्या वाळक्या फांद्या. आग पेटली आणि तासाभरात तिचा रंग बदलू लागला. आधी निळसर, मग काळा, मग कुठे कुठे तांबूस. लोहार मधून मधून लिंबाची ओली काडी धावेला टेकवी. काडी नुसती चरचरली की “अजून.” काडीने भक्कन पेट घेतला तेव्हा तो “आता” म्हणाला. चाक शेजारीच सपाट दगडी चौथऱ्यावर पालथं ठेवलेलं होतं. आसारी सावलीत, छत्री घेऊन, बरेच लांब. त्यांचा आवाज मात्र इथवर येत होता.

चौघांनी सांडशींनी ती लाल कडी उचलली, दोन पावलं चालले आणि चाकावर ठेवली. एका बाजूने ती बसली, दुसऱ्या बाजूने अडली. लाकडाने पेट घेतला. धूर इतका दाटला की मला काही दिसेना. पुतण्याने घण घेतला आणि अडलेल्या जागी मारला, मग त्याच्या शेजारी, मग समोर. “एका जागी मारू नको, फिर!” आसारी ओरडले. तो फिरला. धाव खाली उतरली. मग घागरींनी पाणी. मी एक घागर दोन्ही हातांनी कवटाळून उचलली आणि ओतली, बोटांनी नाही धरता आली तरी. वाफ उसळली आणि त्या वाफेतून आवाज यायला लागला : करकर, कट्, करकर. धाव गार होता होता आवळत होती. घेराचे सहा तुकडे एकमेकांत दाबले जात होते, आरे तुंब्यात शेवटचा सूतभर सरकत होते. सगळं शांत झाल्यावर पाहिलं तर तुकड्यांमधल्या फटी नाहीशा झाल्या होत्या. तिथून ब्लेडचं पातंसुद्धा जात नव्हतं. आसारी आता उठले, चाकापाशी आले आणि वाकून जळलेल्या कडेवरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुरानेही असेल. मी स्वतःचं सांगते, मला रडू आलं ते धुराने नव्हे.

दुसरं चाकही त्याच सकाळी झालं, पण त्याची कथा वेगळी नाही.

बाकीचं काम त्या मानाने सोपं गेलं. कमानपाटे कुंभकोणमला लॉरीचे पाटे सुधारणाऱ्याकडे दिले. त्याने ते तापवून पुन्हा कमान आणली आणि तेलात बुडवून पाणी दिलं. तुंब्यांच्या पितळी टोप्या नाच्चियारकोविलला ओतून घेतल्या, समयांसाठी जे गाव प्रसिद्ध आहे तिथे. टपाच्या कमानींचा बांबू ओला करून, शेकून वाकवला. वरचं कापड जाड कॅनव्हासचं, त्याला जवसाच्या तेलाचे हात मी दिले. हे काम मला छान जमलं, कारण ब्रश मुठीत न धरता मनगटाला पट्टीने बांधून घेता येतो आणि हात खांद्यातून हलवता येतो. आतला जमखाना भवानी गावचा. आखाला वंगण म्हणून एरंडेल आणि पेंढ्याची राख एकत्र खलून घातली.

जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं, कावेरीला आलं, आणि आसारींनी चाकं गावच्या कालव्यात उतरवून दिवसभर भिजत ठेवायला लावली. नव्या चाकाला पहिलं पाणी नदीचं द्यायचं अशी इथली पद्धत आहे, आणि तिला कारणही आहे : लाकूड फुगून धाव पक्की होते.

बैल शेजाऱ्यांचे, उंबळाचेरी जातीचे. याच खोऱ्यातली ही जात. वासरं जन्मतात तेव्हा तांबडी असतात आणि पुढे राखी होतात, कपाळावर पांढरा ठिपका, पायांना पांढरे मोजे. भाताच्या चिखलात या बैलांसारखं दुसरं जनावर नाही. डांबरावर त्यांच्या पायांना नाल हवेत, ते ठोकून घेतले. सासूबाई मयिलाडुतुरैहून गाडीने यायच्या होत्या. तिरुविडैमरुदूर स्टेशनाबाहेर वंडी लावली, त्यांना पुतण्याने आणि मी मिळून मागच्या पायरीवरून चढवलं. त्यांनी आत बसताच वर पाहिलं आणि मधल्या कमानीच्या कड्या आहेत का ते हात लावून तपासलं. मग जमखाना उचलून खाली पेंढा पुरेसा आहे का तेही पाहिलं. “पेंढा कमी घातलात,” म्हणाल्या. खरं होतं. पुलाच्या सांध्यांवर त्यांना हादरे बसले आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितलं.

आसारी वंडीत बसले नाहीत. ते पुतण्याच्या मोटारसायकलवरून मागे-मागे, चाकांकडे पाहत आले. घरी पोचल्यावर डावीकडचा पाटा उजवीकडच्यापेक्षा जास्त दबतो आहे, असं त्यांचं निदान. त्यात एक पान वाढवायचं ठरलं, आणि पेंढ्याचे आणखी दोन भारे. माझ्या हातांना त्या आठवड्यात पुन्हा सूज आली. आसारींची पुढची तपासणी आवणि महिन्यात आहे.

वेप्पत्तूरचे एक गृहस्थ परवा आले होते. त्यांच्याकडेही अशीच एक वंडी आहे, टप शाबूत, चाकं गेलेली. आसारींनी पुतण्याला टेप आणि खडू देऊन त्यांच्याबरोबर पाठवलं, स्वतः गेले नाहीत. पुतण्या माप घेऊन आला, ते मी वहीत लिहून घेतलं. तुंबे दोन्ही फुटलेले आहेत. शिरीषाचा वाळलेला ओंडका आधी शोधावा लागेल, आणि वखारीत मी सोमवारी जाणार आहे.